नेट नसतानाही चालणारं ॲप: सुरुवात इथून कर

दूध संकलनाच्या ॲपची तुझी कल्पना आवडली, जरूर कर. सध्या मोजक्याच गोष्टी धर.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: नोंद आधी फोनमध्ये, सर्व्हर नंतर. ‘सेव्ह’ दाबलं की माहिती थेट एस्क्यूलाइटमध्ये, म्हणजे फोनमधल्याच छोट्या डेटाबेसमध्ये गेली पाहिजे. अँड्रॉइडवर त्यासाठी रूम ही लायब्ररी वापर. स्क्रीननेही तिथूनच वाचायचं. नवीन माणूस हमखास उलटं करतो, आधी सर्व्हरला विचारतो. माझ्या पहिल्या ॲपमध्ये मीही तेच केलं होतं. पहाटे कॅन घेऊन रांग उभी, स्क्रीनवर गोल चक्र फिरतंय, आणि शेवटी संकलन करणाऱ्या ताईंनी वही उघडली. तो चेहरा अजून आठवतो.

दुसरी: प्रत्येक नोंदीचा आयडी फोनवरच तयार कर, यूयूआयडी घे, म्हणजे दुसऱ्या नोंदीशी सहसा जुळणारच नाही असा लांबलचक क्रमांक. नोंद पोचली, पण सर्व्हरचं उत्तर यायच्या आत रेंज गेली, तर ॲप तीच नोंद पुन्हा पाठवणार. आयडी तोच असेल तर सर्व्हरला ती ओळखून सोडून देता येते. नाहीतर ८ लिटरचे १६ होतात, आणि हिशेबावरचा विश्वास उडतो तो कायमचा.

पाठवायचं काम वर्कमॅनेजरवर सोपव; नेट आलं की मागच्या मागे काम उरकणारी ही अँड्रॉइडची सोय. किती नोंदी अजून फोनमध्येच आहेत, तो आकडा मात्र स्क्रीनवर दिसू दे.

दोन फोनवर एकच नोंद बदलली तर काय, हा प्रश्न आत्ता बाजूला ठेव. आणि चाचणी फक्त एअरप्लेन मोडवर उरकू नकोस. रेंजची एकच दांडी येते-जाते अशा जागी जाऊन बघ. खरे घोळ तिथेच होतात.