सॅफच्या ज्युनियर मुलींच्या स्पर्धांना खरंच काही किंमत आहे का? चारच तर टीम असतात

तुम्ही लिहिलंय की पुतणी १४ ची आहे, जिल्ह्याकडून फुटबॉल खेळते, तिचे सर सारखं सॅफ सॅफ (म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल फेडरेशनची स्पर्धा) करतात, आणि तुम्ही शोधलं तर दिसलं काय की तीन नाहीतर चार देश, कधी १५ वर्षांखालील, कधी १८, कधी १९, आणि ढाका नाहीतर थिंफूमध्ये आठवडा दीड आठवड्यात सगळं आटोपलेलं. मग यासाठी दहावीच्या वर्षाची वाट लावायची का, असा सरळ प्रश्न आहे तुमचा.

किंमत आहे. पण कपाची नाही. कप कोणी जिंकला हे सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही, मुलींच्या त्या बॅचचं पुढे काय झालं हे बघायचं असतं, आणि ते बघायचं तर बांगलादेशकडे बघा, आपल्याकडे नंतर येऊ.

डिसेंबर २०१७, ढाका, पहिलीच १५ वर्षांखालील सॅफ. फायनलला बांगलादेशने आपल्याला १-० हरवलं, त्याआधी लीगमध्ये ३-० ने धुतलं होतंच. त्यांची कॅप्टन होती मारिया मांडा, मैमनसिंग जिल्ह्यातल्या कलसिंदूर गावची, मेघालयच्या सीमेजवळचा गारो लोकांचा भाग. आता हीच मुलगी २०२१ च्या १९ वर्षांखालील सॅफमध्ये परत कॅप्टन, परत ढाका, परत आपल्याविरुद्ध फायनल आणि परत १-०. सप्टेंबर २०२२ मध्ये काठमांडूला बांगलादेशच्या सीनियर टीमने नेपाळला ३-१ हरवून पहिल्यांदा सॅफ जिंकली, त्या टीममध्ये पण ती होती. त्याआधीच्या पाचच्या पाच सीनियर सॅफ आपण जिंकल्या होत्या, हे लक्षात घ्या. म्हणजे आपल्या सीनियर टीमची सद्दी ज्या मुलींनी मोडली त्यातल्या कितीतरी जणी पाच वर्षं आधीपासून आपल्यासमोरच ज्युनियरमध्ये तयार होत होत्या आणि आपण म्हणत होतो की चार टीमची स्पर्धा आहे, सोडा.

हे आपोआप झालं नाही. तिकडे प्राथमिक शाळांच्या मुलींची देशभर एक फुटबॉल स्पर्धा सुरू झाली, कलसिंदूरच्या सरकारी शाळेने ती जिंकली आणि त्या एका गावातून अर्धी टीम भरेल इतक्या मुली आल्या, संजिदा, तहुरा, शामसुन्नाहार, मारिया. तिथल्या फुटबॉल फेडरेशनने त्यांना घरी परत पाठवलंच नाही, ढाक्यात मोतीझीलला फेडरेशनच्या इमारतीतच वर्षानुवर्षं एकत्र ठेवलं, जेवण, शाळा, प्रॅक्टिस सगळं तिथेच. २०१५ मध्ये एशियन फेडरेशनची १४ वर्षांखालील प्रादेशिक स्पर्धा नेपाळमध्ये होती, फायनलच्या दिवशीच तो मोठा भूकंप झाला, फायनल डिसेंबरमध्ये खेळवली आणि या मुलींनी ती जिंकली. मग गावात वीज आली म्हणे. पुढच्या वर्षी ताजिकिस्तानला तीच स्पर्धा, फायनलला समोर आपण, ४-०.

तिकडे सगळं गोडगोड आहे असंही नाही हां, २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या १८ सीनियर खेळाडूंनी कोच पीटर बटलरविरुद्ध चक्क बंड केलं होतं. तरी त्याच वर्षी जुलैमध्ये म्यानमारला म्यानमारमध्ये जाऊन २-१ हरवलं, ऋतुपर्णा चाकमाचे दोन्ही गोल, आणि पहिल्यांदा एशिया कपला गेल्या.

आता तो वयाचा घोळ. दरवेळी वयोगट बदलतो कारण सॅफ ही स्पर्धा साधारणपणे पुढे येणाऱ्या एशिया कपच्या पात्रता फेरीच्या हिशोबाने लावतात. पुढे १७ ची पात्रता असेल तर इकडे १६ नाहीतर १७, पुढे २० ची असेल तर इकडे १८, १९ नाहीतर २०. म्हणजे ही चाचणी परीक्षा आहे, बोर्डाची नाही. आणि टीम कमी असतात कारण दक्षिण आशियात मुलींच्या ज्युनियर टीम मुळात कमी आहेत. २०१८ ला थिंफूमध्ये १८ वर्षांखालील गटात बांगलादेशने पाकिस्तानला १७-० हरवलं होतं, असल्या मॅचमधून कोण काय शिकणार सांगा. पण भारत-बांगलादेश किंवा नेपाळ ही मॅच वेगळीच असते, तिथे कसोटी लागते.

किती लागते त्याचा नमुना म्हणजे फेब्रुवारी २०२४, ढाक्याची १९ वर्षांखालील फायनल. मी ही फोनवर यूट्यूबवर बघत होतो, बायको म्हणाली जेवायला या, म्हटलं पाच मिनिटं, ती पाच मिनिटं काही संपेनात. शिवानी देवीने आठव्या मिनिटाला गोल मारला होता, आपण पूर्ण मॅच तो एक गोल धरून बसलो आणि इंज्युरी टाइमच्या तिसऱ्या मिनिटाला सागोरिकाने बरोबरी केली. पेनल्टी. पाच झाल्या, सहा झाल्या, सगळ्या आतच जातायत, शेवटी दोन्हीकडच्या गोलकीपरनी पण मारल्या, ११-११. नियम साधा आहे, परत पहिल्यापासून सुरू करायचं, निकाल लागेपर्यंत. पण मॅच कमिशनरने काढलं नाणं! टॉस झाला, आपण जिंकलो, मुली नाचायला लागल्या, बांगलादेशच्या मुली मैदान सोडेनात, प्रेक्षकांतून बाटल्या यायला लागल्या, मग कमिशनर म्हणतो टॉस रद्द, पेनल्टी पुढे चालू करा, तर आपली टीम म्हणाली आम्ही जिंकलोय आणि निघून गेली. तासाभराहून जास्त घोळ घालून शेवटी दोघांना संयुक्त विजेते केलं. १८-१९ वर्षांच्या पोरी, आणि मोठ्या माणसांना नियम माहीत नाही. मला विचाराल तर त्या दिवशी बांगलादेशचंच बरोबर होतं, टॉसला काही आधारच नव्हता. पण आपल्या मुलींचा तरी काय दोष, त्यांना सांगितलं जिंकलात, त्या नाचल्या.

महिन्याभरात काठमांडूला १६ वर्षांखालील फायनल, परत हेच दोघे, परत १-१, परत पेनल्टी, आणि त्यांची गोलकीपर यारजान बेगम हिने तीन अडवल्या. हरलो आपण. पण त्या वयात साधारण महिन्याभरात एका देशाच्या दोन टीमना दोन फायनलमध्ये पेनल्टीचं टेन्शन अनुभवायला मिळणं, हे कुठल्या कॅम्पमध्ये शिकवता येत नाही.

आपली गोष्ट जरा वेगळी आहे. २०२२ ला जमशेदपूरमध्ये १८ वर्षांखालील सॅफ आपण जिंकली, तीनच टीम, प्रत्येकीशी दोनदा, शेवटच्या मॅचला बांगलादेशने १-० हरवलं तरी गोलफरकावर कप आपला. लिंडा कोम सर्वोत्तम खेळाडू. मग ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील वर्ल्ड कप आपल्याच घरी, आणि लिंडासकट जमशेदपूरच्या कितीतरी मुली त्यात. भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मग मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. लोक म्हणाले सॅफ जिंकून काय उपयोग. उपयोग नाही असं नाही, पण सॅफ ही पहिली पायरी आहे, आपण तिथून थेट गच्चीवर उडी मारली, कारण यजमान म्हणून पात्रता फेरी खेळायचीच नव्हती. मधली एशियाची पायरीच गाळली. त्यात हा वर्ल्ड कप मुळात २०२० चा, कोविडने आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला आणि त्याऐवजी २०२२ चा आपल्याला दिला, ज्या मुली २०२० साठी तयार होत होत्या त्यांचं वयच निघून गेलं. त्यांच्याबद्दल कोणी बोलत पण नाही.

फायनल नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होती, स्पेन-कोलंबिया. स्पेन १-० जिंकलं, तेही कोलंबियाच्या स्वयंगोलवर. मी मुलीला घेऊन गेलो होतो. कोलंबियाची मुलगी साइडलाइनला बॉल घ्यायची तेव्हा घ्यायच्या आधीच मान वळवून दोनदा मागे बघायची, माझी मुलगी म्हणे ही सारखी मागे काय बघते, मी म्हटलं तेच शीक. आपल्या टीममध्ये पुण्याची काजोल डिसोझा होती बरं का, तुमच्या पुतणीला हे नक्की सांगा, झारखंड आणि मणिपूरच्याच मुली जातात असं नाही. पण हेही खरंय की जास्त त्यांच्याच जातात. आपल्याकडे, अगदी कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या गावात सुद्धा, शाहू स्टेडियम भरतं ते तालमींच्या (म्हणजे तिथल्या फुटबॉल क्लबांच्या) पोरांच्या मॅचला.

२०२५ ला मात्र आपण पहिल्यांदा नीट शिडी चढलो असं मला वाटतं. ऑगस्टमध्ये थिंफूला १७ वर्षांखालील सॅफ जिंकली, शेवटची मॅच बांगलादेशशी ३-४ हरलो पण कप आधीच पक्का झाला होता. आणि ऑक्टोबरमध्ये किर्गिझस्तानला बिश्केकमध्ये उझबेकिस्तानला आधी ०-१ मागे पडून २-१ हरवलं आणि २०२६ च्या १७ वर्षांखालील एशिया कपला पात्र झालो. थिंफूमध्ये गोलांचा रतीब घालणारी अनुष्का कुमारी, तिनेच बिश्केकमध्ये एक गोल मारला. दोन महिन्यांचं अंतर, तोच कोच योआकिम अलेक्झांडरसन. हा सॅफचा खरा उपयोग.

तर पुतणीचं. शाळा सुब्रोतो कपला (शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा) मुलींची टीम पाठवते का ते विचारा, नसेल पाठवत तर तिच्या सरांना भांडायला लावा. जिल्ह्यातून राज्य, राज्यातून सब-ज्युनियर आणि ज्युनियर नॅशनल, तिथे बघणारे असतात आणि तिथून कॅम्पचं बोलावणं. दहावी वगैरे होईल हो, एवढ्यात कोणी ढाक्याला नेत नाहीये तिला. पण कागद आत्ताच बघा. आपल्या फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीतली जन्मतारीख, जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला, सगळीकडे एकच तारीख आणि नावाचं एकच स्पेलिंग पाहिजे. आमच्याकडे एका मुलीचं आधारवर वडिलांचं नाव एका अक्षराने चुकलं होतं, निवड चाचणीच्या दिवशी बाहेर बसवली तिला, वडील तालुक्याला खेटे घालत राहिले आणि तोवर टीम निघून गेली. आणि पासपोर्ट पण काढून ठेवा, कॅम्पमधून फोन आल्यावर तो काढायला वेळ नसतो.