फक्त तारखाच घ्याव्या लागत असतील, तर सीनियर बदलावा का?

आपण विचारले आहे की, सनद (वकिलीचा परवाना) मिळून वर्ष होत आले तरी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात सीनियरतर्फे केवळ हजर राहून पुढच्या तारखा घेण्याचेच काम मिळते, मानधनही तुटपुंजे आहे, तेव्हा कार्यालय बदलावे काय? मी येथेच दिवाणी बाजूला वकिली करतो. माझ्या मते निर्णय तारखांवरून करू नये. तारखेच्या आदल्या संध्याकाळी फाइल तुमच्या हाती येते की नाही, यावरून करावा.

तारीख घेणे हे काम वाटते तितके किरकोळ नाही. समजा, मनाईच्या दाव्यात निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर तुमच्या पक्षकाराला पुढील तारखेपर्यंत एकतर्फी अंतरिम मनाई मिळालेली आहे. त्या दिवशी प्रतिवादीचे वकील हजर होऊन से (अर्जावरील लेखी म्हणणे) दाखल करण्यास मुदत मागतात, न्यायाधीश ती देतात आणि तुम्ही डायरीत नवी तारीख टिपून बाहेर पडता. परंतु अंतरिम आदेश पुढे चालू ठेवण्याची विनंती तुम्ही केली नाही आणि रोजनाम्यातही (न्यायालयाच्या दैनंदिन कामकाजाच्या नोंदवहीतही) तशी नोंद झाली नाही, तर पक्षकाराचे संरक्षण त्याच दिवशी संपते आणि त्याला ते कळतसुद्धा नाही. उलट तुम्ही प्रतिवादीतर्फे असाल, तर समन्स नेमके कधी बजावले गेले हे बेलीफच्या अहवालावरून पाहिले पाहिजे, कारण लेखी कैफियतीचे (दाव्याला प्रतिवादीने द्यायच्या लेखी उत्तराचे) ३० दिवस, आणि न्यायालयाने वाढवून दिल्यास जास्तीत जास्त ९० दिवस, त्या बजावणीपासून मोजले जातात. ही मर्यादा साध्या दिवाणी दाव्यात अगदीच अभेद्य नसली, तरी एकदा विनाकैफियत, म्हणजे कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा, आदेश झाला की तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज, विलंबाची कारणे आणि बहुधा खर्चाचा भुर्दंड ओघाने येतो.

म्हणून पुकारा होण्यापूर्वी मागील तीन-चार तारखांचा रोजनामा वाचण्याची सवय लावा. तारीख घेऊन झाल्यावर लगेच कॅन्टीन गाठण्याऐवजी ज्या न्यायालयात उलटतपासणी सुरू असेल तेथे मागच्या बाकावर बसा. (मे महिन्यात हे जड जाते, हे मान्य, पण उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांत काळ्या कोटाची सक्ती नसते.) नागपुरास १९३६ मध्ये स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले आणि राज्य पुनर्रचनेनंतर तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले, त्याचा लाभ नवशिक्या वकिलास असा की, जिल्हा न्यायालयात नोंदवलेल्या साक्षीची अपिलात कशी चिरफाड होते, तेही नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातच ऐकता येते.

मानधनाविषयी थोडक्यात सांगतो. भारतीय विधिज्ञ परिषदेने (बार कौन्सिल ऑफ इंडियाने) ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात शहरी भागातील ज्युनियरला दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत असे सुचवले आहे. परंतु ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. तिच्या आधारे सीनियरशी वाद घालण्यात अर्थ नाही, मात्र आकडा सांगून विचारण्यात संकोचही नसावा.

आता सीनियरकडे एक स्पष्ट मागणी करा: ज्या प्रकरणात तुम्ही तारीख घेता, त्यातील किरकोळ अर्जांचा मसुदा आधी तुम्ही लिहाल आणि ते दुरुस्त करतील. लाल शाईने भरलेले पान परत आले, तर तेथेच राहा, पैसे कमी मिळाले तरी. दोन-तीनदा मागूनही फाइल न देता सकाळी फोनवरून केवळ न्यायालयाचा क्रमांक सांगितला जात असेल, तर दुसरे कार्यालय पाहा. निघण्यापूर्वी ज्या वकीलपत्रांवर (पक्षकाराने वकील नेमल्याच्या पत्रांवर) तुमची सही आहे त्यांची यादी पुढील तारखांसह सीनियरला द्या आणि त्या प्रकरणांतून रीतसर मोकळे व्हा, कारण तोवर न्यायालयाच्या दृष्टीने त्या पक्षकारांचे वकील तुम्हीही असता.