चाकांचा बैल आणि गॅलरीतली खुर्ची

प्रश्न : ताई, मी नागपूरला राहते. माझ्या बाळाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा न राहणारा विकार, आहे. तो नऊ वर्षांचा आहे, पण आधाराशिवाय त्याला बसता येत नाही. शहरातील एक धर्मादाय संस्था त्याला सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत विनामूल्य सांभाळायला, शिकवायला आणि व्यायाम द्यायला तयार आहे. न्यायला-आणायला गाडीही येईल. सासूबाई म्हणतात, 'आपण दान घेणाऱ्या घरातले नाही.' यजमान काहीच बोलत नाहीत. पाच तास मोकळे मिळतील म्हणून मला आधी आनंद झाला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. बाळाला मी सदैव कडेवर वागवते. घर लहान आहे, दोन वर्षांपूर्वी शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गॅलरीत ठेवल्याने कपडे वाळत घालायलाही जागा उरत नाही. तान्हा पोळाही आम्ही तिथूनच पाहतो. मी स्वार्थी आहे का? — एक आई

उत्तर : तुम्ही स्वार्थी नाही, आणि मुलाला संस्थेत अवश्य पाठवा. एवढे उत्तर तुम्हाला पत्र लिहिण्यापूर्वीच ठाऊक होते, असे मला वाटते. मी मात्र तुमच्या कपडे वाळत घालण्याच्या तक्रारीपाशी थांबले आहे.

ती खुर्ची सासूबाईंनी गुंडाळून ठेवली, असे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही. यजमानांनी ठेवली, असेही नाही. कडेवरचे मूल लांबून पाहणाऱ्याला पेंगुळलेले लहानगे वाटू शकते. खुर्चीत बसलेला नऊ वर्षांचा मुलगा मात्र साऱ्या गल्लीला आहे तसा दिसतो, आणि तो तसा दिसू नये म्हणून गेली दोन वर्षे तुम्ही आपल्या कमरेवर हा भार पेलला आहे. पत्रभर त्याला 'बाळ' म्हटले आहे, वय फक्त एकदा आले आहे. त्या कमरेची मला काळजी वाटते आणि तुमच्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही, पण ही माया आता त्याच्या वाटेत उभी आहे, हे मी तुम्हाला गोड शब्दांत सांगणार नाही.

नागपूरकर आईला तान्हा पोळा समजावून सांगण्याची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरे लाकडी बैल सजवतात, दोरीने ओढत घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतात. त्या बैलाला चाके असतात, कारण चाकांशिवाय लाकूड जागचे हलणार नाही, हे सुताराला कळते. तुमच्या घरी चाके आली, तीही मुलाच्या नावाने आली, आणि ज्या गॅलरीतून तो इतरांचे बैल पाहतो त्याच गॅलरीत ती प्लॅस्टिकखाली पडून आहेत.

खुर्ची म्हणजे हार मानणे, असा काहीसा समज तुमच्या मनात असावा. मापाच्या खुर्चीत पाठीला, मानेला आणि कमरेला आधार मिळतो, हात मोकळे होतात, ताठ बसल्याने घास गिळणे सोपे जाते आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहता येते. कडेवरून त्याला बहुतेक वेळ तुमचा खांदाच दिसत असेल. अर्थात सात वर्षांच्या मुलासाठी दिलेली खुर्ची नऊ वर्षांच्या मुलाला आखूड पडण्याचा संभव आहे, आणि चुकीच्या मापात तासन्‌तास बसवणे अपायकारकच ठरते; म्हणून बैठकीची रुंदी, पायटेकूची उंची आणि पट्टे एकदा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे लागतील. ती दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतली असेल, तर एकदा साधन मिळाल्यावर पुन्हा मिळण्यासाठी मोठ्यांना तीन वर्षे थांबावे लागते, पण लहान मुलांसाठी ही मुदत एका वर्षाची आहे. मूल वाढते, हे नियम लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात होते.

आता सासूबाईंचे 'दान'. दारात आलेल्या पोरांच्या हातावर बोजारा ठेवताना त्या त्याला भीक म्हणत नसतील. याच नागपुरात 1921 साली कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ या सेवाभावी संस्थेचे काम सुरू केले आणि तेथे बाळंतपणाला गेलेल्या कुटुंबांनी आपण दान घेणाऱ्या घरातले झालो, असे मानले नसावे. शिवाय 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कच आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेच्या 'निरामय' योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना 1 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, त्याचाही अर्ज संस्थेतच भरून घ्या. सासूबाईंशी यावर वाद घालू नका. नऊ वर्षे तुम्ही वाद घातला नाहीत, आताही नको.

एकच गोष्ट करा. येत्या रविवारी सकाळी कात्री घेऊन ते प्लॅस्टिक कापा आणि दोन वर्षांची धूळ त्याच्यासमोरच पुसा, म्हणजे ही वस्तू आपली आहे, हे त्याला कळेल. सोमवारी संस्थेची गाडी आली की त्याच्याबरोबर खुर्चीही चढवा आणि तिथल्या थेरपिस्टला पहिला प्रश्न खुर्चीच्या मापाचा विचारा. यजमानांना बोलायला सांगू नका. खुर्ची खाली उतरवायला सांगा, हे काम मौनातही होते.

पुढे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलाची दोरी खुर्चीच्या हाताला बांधा आणि त्याला गल्लीतल्या पोरांबरोबर सोडा. पहिला बोजारा मात्र तुमच्याच दारात, आजीकडे मागायचा आहे.