आधी पाणी बघ

बाळा,

रात्री पावणेबाराला आलेला तुझा फोटो पाहिला आणि झोपच उडाली. टँकमधलं पाणी शाईसारखं निळं, त्यात मासे जेमतेम दिसतायत, आणि खाली तुझा प्रश्न, "काकू, अजून किती थेंब टाकू?" फोनवर बोलले असते तर चिडले असते, म्हणून लिहायला बसले.

एकही थेंब टाकू नकोस. आधी पाणी बघ.

तुझ्या मेसेजमध्ये मिथिलीन ब्लू हे निळं औषध आहे, मूठभर मीठ आहे, कुणीतरी सुचवलेली माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूलसुद्धा आहे. अमोनियाचं नाव एकदाही नाही. टँक लावून तीन आठवडे झाले, सात गोल्डफिश सोडलेस, आणि सगळेच्या सगळे एका सकाळी वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. अरे, रोग सातही जणांना एकाच सकाळी धरत नाही. एखादा आधी सुस्तावतो, खाणं सोडतो, मग दुसरा. सगळे एकदम वर आले की पाण्यात बिघाड आहे असं धरूनच चालायचं. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, तोच साठला की त्यांना विष होतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुझे अजून वसलेच नव्हते, आणि त्यावर तू निळं औषध ओतलंस. त्याने तेही मरतात.

मी हे फार महागात शिकले. २००३ च्या दिवाळीत आवराआवरीच्या झपाट्यात मी टँकही घासायला घेतला. स्पंज नळाखाली धरला आणि तपकिरी गाळ जाईपर्यंत पिळला. अगदी नव्यासारखा केला. तो गाळ म्हणजेच जिवाणूंचं घर होतं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन होतं. भाऊबीजेला माझा ओरांडा, गोल्डफिशचीच एक जात, कोपऱ्यात, नळीच्या बुडबुड्यांखाली तोंड वर करून उभा होता. कल्ल्यांची झाकणं भराभर हलत होती, आतली कड लालभडक दिसत होती. मी औषध ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतलं. सहाच्या सहा गेले. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांसमोर आम्ल-अल्कली तपासण्यात माझी नोकरी गेली आणि घरचं पाणी मी एकदाही तपासलं नाही. हे अजून गिळता येत नाही मला.

म्हणून पुन्हा सांगते, आधी पाणी.

आता तू विचारलेले माशांवरचे पांढरे ठिपके. मिठाच्या कणांसारखे ठिपके अंगभर, परांवर, शेपटीवर असतील आणि मासा दगडांना अंग घासत असेल, तर तो व्हाइट स्पॉट, परजीवीमुळे होणारा रोग. पण नर गोल्डफिशला विणीच्या दिवसांत कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला ठिपके येतात, तो आजार नव्हे. पाणी निळं होण्याआधीच्या तुझ्या फोटोत ठिपके नेमके तिथेच आहेत! खरा व्हाइट स्पॉट असला तरी घाई नको. तो परजीवी माशाच्या त्वचेखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि नवा मासा शोधत पोहायला लागतात. औषध लागू पडतं ते त्या पोहणाऱ्यांना. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की लोक औषध बंद करतात आणि आठवड्याभरात ठिपके परत येतात. आणि मात्रा लिटरवर ठरते, दुकानदाराच्या "दहा थेंबां"वर नाही. तुझा टँक ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ धर.

मागच्या वर्षी माझ्या एका माशाचे खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिले. पोट टम्म. अशी सूज दिसेपर्यंत बहुतेक वेळा आतून मूत्रपिंडं गेलेली असतात. मी त्याला वेगळ्या टबात स्वच्छ पाण्यात ठेवलं, औषध दिलं नाही. तिसऱ्या दिवशी गेला. भाचा म्हणाला, "मावशी, तू नुसती बघत बसलीस." नव्हते बसले. दिवसातून दोनदा पाणी मोजत होते, बदलत होते. वाचण्यातला असता तर तेवढ्याने वाचला असता, आणि नसता तर निदान माझ्या औषधाने तडफडला नसता. हे मी त्यालाही सांगितलं, तुलाही सांगते, आणि याबाबतीत माझं मत बदलणार नाही.

आता ऊठ. पाव टँक पाणी काढ, तेवढंच क्लोरीन काढलेलं पाणी हळूहळू घाल. एअर पंप पूर्ण सोड. दोन दिवस खाणं बंद, उपाशी मरत नाहीत ते. मीठ आणखी घालू नकोस. फिल्टरला हात लावायचा नाही. सकाळी दुकान उघडलं की अमोनिया आणि नायट्राइटची थेंबांची किट आण. जिवाणू अमोनिया पचवतात तेव्हा आधी नायट्राइट बनतं, आणि ते वाढलं की माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही तो गुदमरतो, म्हणून दोन्ही मोज. पण तपासायचं पाणी निळं असेल तर रंग फसवेल. आधी फिल्टरच्या धारेत कार्बनची पिशवी ठेवून निळेपणा जाऊ दे.

मग किटमधली तपासणीची नळी पांढऱ्या कागदासमोर धर, दिवसाच्या उजेडात फोटो काढ आणि पाठव. अमोनियाच्या नळीत हिरवा रंग म्हणजे अमोनिया आहे. पिवळा आला की हिरवा, तेवढंच आधी सांग.

तुझी,
काकू