सीनियर सिटिझन स्कीम मोडून डॅन्यूबकाठी सायकल चालवायला जायचं का?

नाशिकच्या एका काकांचा मेल आलाय, थोडक्यात असा. वय 62, काकू 59. मुलगा म्युनिकला नोकरीला. दोघांना सायकलिंगचं वेड लागलंय आणि येत्या सप्टेंबरात जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवर जायचंय, वाटेत ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्याचे द्राक्षमळे. इथल्या एका ग्रुप टूरवाल्यांनी माणशी 3 लाख 90 हजार सांगितलेत, शिवाय दोन चांगल्या टूरिंग सायकली घेऊन त्या विमानाने न्यायच्या, त्याचे 1 लाख 80 हजार. म्हणजे 9 लाख 60 हजार. पैसे कुठे आहेत? सीनियर सिटिझन स्कीममध्ये (ज्येष्ठांसाठीची सरकारी पाच वर्षांची बचत योजना) 30 लाख, 14 महिन्यांपूर्वी टाकलेले, एफडी 12 लाख, इक्विटी म्युच्युअल फंड 21 लाख. दुकानाचं भाडं, थोडी पेन्शन आणि व्याज धरून महिन्याला 48 हजार येतात, खर्च 46 हजार. प्रश्न असा की स्कीममधून 10 लाख काढू, पर्सनल लोन घेऊ, की स्कीम संपेपर्यंत थांबू?

काका, नमस्कार. आधी उत्तर सांगून टाकतो, मग कारणं. जा, याच वर्षी जा, पण 9 लाख 60 हजारांत नाही, निम्म्यात जा, आणि त्या स्कीमला हात लावू नका.

स्कीमचं आधी. तुम्हाला वाटतंय 30 मधले 10 काढले की 20 राहतील, तसं नसतं हो. एका खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, मुदतीआधी हवे असतील तर अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झालंय पण दोन झाली नाहीत, त्यामुळे दीड टक्का कापणार, आणि तो 10 लाखांवर नाही तर पूर्ण 30 लाखांवर, म्हणजे 45 हजार रुपये. एका माणसाच्या विमानाच्या तिकिटाचा मोठा भाग निघेल एवढ्यात. वर तुमचा 8.2 टक्के दर पाच वर्षांसाठी पक्का झालाय, नवीन खातं काढलंत तर त्या दिवशी जो दर असेल तो. महिन्याला सरासरी साडेवीस हजार तिथून येतायत, किराणा आणि लाइटबिल त्याच्यावर चालतंय, ते मोडून सायकल चालवायला जाणं म्हणजे दुभती म्हैस विकून दुधाची किटली आणण्यासारखं आहे.

पर्सनल लोन तर नकोच. महिन्याला हातात दोन हजार उरतात, हप्ता कशातून भरणार?

आता खर्चच कमी करू. हा रस्ता मी स्वतः 2018 साली केलाय, तेव्हा गुडघे बरे होते. पासाऊ ते व्हिएन्ना साधारण 320 किलोमीटर, आणि बराचसा रस्ता पूर्वी घोडे बोटी ओढत प्रवाहाच्या उलट न्यायचे ना, त्या काठच्या वाटेवरून जातो. बहुतेक ठिकाणी गाड्या नाहीत, मधे गावं लागतात तेवढीच, पाट्या जागोजागी आहेत आणि नदीबरोबर खाली जायचं असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीत, वाराही बहुतेक पश्चिमेकडून म्हणजे पाठीवर. तिथे लीडर कशाला हवा? नदी सोडायची नाही एवढंच लक्षात ठेवायचं. तुम्ही मेलमध्ये डोंगराळ भाग म्हणून घाबरलायत, पण डोंगरावर आहेत ते मळे, रस्ता खाली पाण्याशेजारून जातो. मेल्क ते क्रेम्स हा 36 किलोमीटरचा पट्टा म्हणजे वाखाऊ, 2000 सालापासून युनेस्कोच्या यादीत आहे. तुम्ही गंगापूर रोडला मांडवावरची द्राक्षं बघत वाढलात, तिथे द्राक्षं उभ्या चढावर पायऱ्या पायऱ्या करून लावलेली दिसतील, बांध सगळे नुसते दगडावर दगड रचलेले, कोकणातल्या गडग्यासारखे. सप्टेंबरात तोडणी सुरू असते. वाईन घेत नसाल तरी जर्दाळूचा जॅम घ्या, तो तिथला खास.

स्पिट्झ गावाशी नदीच्या पलीकडे जायला एक फेरीबोट आहे, तिला इंजिन नाही, वर तार बांधलेली आणि प्रवाहच तिला ढकलत पलीकडे नेतो. मी तिथे खिशात फक्त कार्ड घेऊन पोचलो होतो, शेवटी मागच्या एका आजींनी माझे पैसे भरले! त्यामुळे सुटे युरो जवळ ठेवा.

तर मुद्दा असा की तिथे सेल्फ गाइडेड नावाचा प्रकार सर्रास मिळतो. सायकल ते भाड्याने देतात, हॉटेलं ठरवतात, नकाशा देतात आणि तुमची बॅग रोज पुढच्या गावी नेऊन टाकतात, तुम्ही फक्त पाण्याची बाटली आणि रेनकोट घेऊन निघायचं. व्हिएन्नाला सायकल सोडून द्यायची. तुमच्या मुलाने असंच एक 8 दिवसांचं कोटेशन पाठवलंय, माणशी 950 युरो, ते तुम्ही मेलच्या अगदी शेवटी 'असंही एक आहे' म्हणून टाकलंत. काका, तेच घ्या ना! हिशोबाला युरो 105 रुपये धरला तर दोघांचे 2 लाख. विमानाचे 1 लाख 30 हजार. दुपारचं खाणं, कॉफी, फेरीबोट, म्युझियम वगैरे 60 हजार. व्हिसा आणि इन्शुरन्स 35 हजार. व्हिएन्नात दोन रात्री जास्त आणि ट्रेन, 40 हजार. झाले 4 लाख 65 हजार, वर 45 हजार हाताशी ठेवा, 5 लाख 10 हजार.

सायकली विकत घेणं सोडून द्या. पॅकिंगचा खोका, विमान कंपनीचे चार्जेस, उतरल्यावर हँडल सरळ करत बसायचं, डीरेलर (गिअर बदलणारा भाग) वाकला तर परक्या गावात मेकॅनिक शोधायचा, आणि हे सगळं 8 दिवसांसाठी. नाशिकला परत आल्यावर तुम्ही तुमची जुनी सायकलच चालवणार हे मी लिहून देतो. मात्र कोटेशनमध्ये ई-बाइकचे 130 युरो जास्त लिहिलेत ते काकूंसाठी द्या, साधारण 13 हजार 650 होतात, हाताशी ठेवलेल्या 45 मधून जातील. रस्ता सपाट असला तरी चौथ्या-पाचव्या दिवशी गुडघा बोलायला लागतो आणि मळ्यातून वर किल्ल्यावर जायचं झालं तर मोटर हवीच.

पैसे इक्विटी फंडातून काढा. आता याची खरी किंमतही सांगतो, नाहीतर नुसतं जा जा म्हणणं सोपं आहे. 5 लाख तसेच ठेवले आणि समजा वर्षाला 10 टक्क्यांनी वाढले (वाढतीलच असं नाही) तर 15 वर्षांत 21 लाखांच्या जवळ जातात. म्हणजे 77 व्या वर्षीच्या तुमच्या हातातून ते जातायत, आणि काकू तीन वर्षांनी लहान, त्यांना हा पैसा तुमच्यापेक्षा जास्त दिवस पुरायला हवा, हे विसरायचं नाही. पण 21 मधून 5 गेले तरी 16 राहतात, मासिक उत्पन्नाला धक्का लागत नाही, एफडी आजारपणासाठी अख्खी राहते. थांबलात तर स्कीम संपताना तुम्ही 66 चे, काकू 63 च्या, आणि त्यांचा उजवा गुडघा आत्ताच दुखतो असं तुम्हीच लिहिलंय. मग कशासाठी थांबायचं?

मुलगा तिकिटांचे 1 लाख 30 हजार देतो म्हणतोय, तुम्हाला ते नकोसं वाटतंय. घ्या हो. त्याच्या इंजिनियरिंगची फी भरताना तुम्ही त्याला विचारलं होतं का? मग फंडातून 3 लाख 80 हजारच काढावे लागतील, आपण 4 लाख धरू.

हे 4 लाख एकदम काढू नका. तुमच्या फंडात साधारण निम्मा नफा आहे, म्हणजे 4 लाखांत 2 लाख नफा. एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या लाँग टर्म (वर्षाहून जास्त ठेवलेल्या फंडाच्या) नफ्यावर टॅक्स नाही, वरच्यावर साडेबारा टक्के. एकाच वर्षात काढले तर 75 हजारांवर 9 हजारांच्या पुढे जातील. 31 मार्चच्या आत 2 लाख आणि एप्रिलमध्ये 2 लाख काढले तर काहीच नाही, फक्त त्या वर्षांत दुसरं काही विकलेलं नसावं. काढलेले पैसे लिक्विड फंडात (कमी चढउताराचा, लवकर पैसे काढता येणारा फंड) किंवा छोट्या एफडीत टाका. सप्टेंबरचा खर्च ऑगस्टपर्यंत शेअर बाजाराच्या भरवशावर ठेवायचा नाही, मार्केट पडलं तर काकू तुम्हाला आणि तुम्ही मला बोलणार.

राहिलेल्या गोष्टी भराभर. इथल्या टूरवाल्याकडून परदेशी पॅकेज घेतलं की बिलावर टीसीएस (टूरवाल्याने आधीच गोळा करायचा टॅक्स) लागतो, तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो पण तोवर पैसे अडकतात, हेही ग्रुप टूर न घेण्याचं एक कारण. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी पेमेंटला साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर जीएसटी असतो, 2 लाखांवर 8 हजार होतात, तेव्हा कोटेशनचे पैसे कसे भरायचे ते बँकेला आधी विचारा. व्हिसाची फी माणशी 90 युरो, नाकारला तरी परत मिळत नाही, आणि व्हिसा मिळेपर्यंत तिकीट आणि बुकिंग कॅन्सल होणारंच घ्या. मुक्काम म्युनिकला जास्त असेल तर अर्ज जर्मनीचा, ऑस्ट्रियाचा नाही. इन्शुरन्स किमान 30 हजार युरोचा लागतो, त्यात तुमचं बीपी लपवू नका आणि सायकलिंग चालतं का हे ईमेलवर लिहून घ्या.

आणि तिकीट काढायच्या आधी एक करा. सलग तीन दिवस रोज निदान 45 किलोमीटर, दोघांनी. पहिल्या दिवशी त्र्यंबकेश्वर करून या, मग पुढचे दोन दिवस तुम्हाला हवं तिकडे. तिसऱ्या संध्याकाळी काकू काय म्हणतात ते मला कळवा, फंडाचा फॉर्म त्यानंतर भरू.