स्वस्त केबलवर स्टुडिओ चालेल का?

घरातल्या खोलीत रेकॉर्डिंगची सोय करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या प्रश्नांचं मूळ त्यातच आहे.

प्रश्न : तबला, हार्मोनियम आणि गाणं रेकॉर्ड करण्यासाठी दोन कंडेन्सर माइक आणि दोन चॅनलचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) घेतला आहे. माइकची ५ मीटरची केबल ३०० रुपयांतही दिसते आणि अडीच हजारांतही. स्वस्तातली घेतली तर आवाजाचा दर्जा उतरेल का? – एक वाचक, नाशिक

धडधाकट अवस्थेतली ३०० रुपयांची केबल आणि अडीच हजारांची केबल यांच्या आवाजातला फरक कानाला कळणार नाही. फरक कळतो तो काही महिन्यांनी, गायकाची तान रंगात आलेली असताना हेडफोनमध्ये ‘खर्रर्’ वाजलं की.

आधी आवाजाचं पाहू. कंडेन्सर माइकचा आउटपुट इम्पिडन्स (बदलत्या सिग्नलला होणारा रोध) साधारण १५० ते २०० ओहम असतो. माइकच्या केबलची कपॅसिटन्स (वीजभार साठवण्याची क्षमता) मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे १० मीटरला १००० पिकोफॅरड. १५० ओहमशी हिशेब मांडला तर वरच्या पट्टीची गळती सुरू होते ती १० लाख हर्ट्‌झच्या आसपास. माणसाचा कान २० हजारांवर थांबतो. केबल १०० मीटर केली तरी हा आकडा लाखाच्या वरच राहतो. तारेच्या रोधाचंही तेच. ०.२२ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेचा १० मीटरला रोध पाऊण ओहमच्या जवळपास आणि समोर प्रीअँपचा (इंटरफेसमधल्या, माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा) इनपुट दोन-तीन हजार ओहमचा. म्हणून ‘ऑक्सिजन-फ्री कॉपर’ असं ठळक छापलंय एवढ्यासाठी जादा पैसे मोजू नका.

मग स्वस्त केबल मार खाते कुठे? तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण कनेक्टर. कॅननच्या (बाजारात एक्सएलआरला अजून कॅननच म्हणतात) फिमेल बाजूला आत तीन पितळी नळ्या असतात. हलक्या मालात त्यांचा ताण लवकर जातो, पिन सैल बसते आणि केबल हलली की संपर्क तुटतो. मागची पकडही नुसती नावाला असते. केबल ओढली गेली की सगळा जोर थेट डागावर, म्हणजे सोल्डरच्या जोडावर, येतो. कनेक्टर ओतीव प्लास्टिकचा असेल तर उघडूनही बघता येत नाही, म्हणजे पुढे एक डाग सुटला की पूर्ण केबल कचऱ्यात. स्क्रूने किंवा आट्याने उघडणारा कनेक्टरच घ्या.

दुसरं ठिकाण शील्ड. तारांभोवतीची जाळी विरळ असेल तर मोबाइलचा, एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरचा, अॅडॉप्टरचा गोंगाट आत शिरायला वाट मिळते. तानपुऱ्यासारखं हळू आवाजाचं वाद्य घेताना गेन (प्रीअँपची वाढ) वर न्यावा लागतो आणि त्याबरोबर हा गोंगाटही वर येतो. बॅलन्स्ड केबलमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनवर तोच सिग्नल उलटसुलट असतो. दोन्ही तारांवर सारखाच पडलेला गोंगाट प्रीअँप वजा करून टाकतो. हे जमायचं तर दोन्ही तारा एकमेकींत नीट पिळलेल्या हव्यात. दिव्यांच्या डिमरशेजारून किंवा वीज मीटरच्या खोलीलगत केबल न्यावीच लागत असेल, तर चार तारांची ‘स्टार-क्वाड’ जात घ्या. कानारेची एल-४ई६एस हे तिचं नेहमीचं उदाहरण. एरवी तिची गरज नाही.

तिसरं ठिकाण सर्वांत फसवं आहे. कराओके माइकसोबत येणाऱ्या कित्येक केबलमध्ये आत एकच तार आणि शील्ड असते, आणि १ व ३ नंबरच्या पिना आतल्या आत जोडून टाकलेल्या असतात. बाहेरून ती अगदी बॅलन्स्ड दिसते. डायनॅमिक माइकवर (ज्याला बाहेरून वीज लागत नाही) आवाजही येतो, फक्त घोंघावणं सोबत येतं. कंडेन्सरला मात्र ४८ व्होल्ट फँटम (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) दोन्ही तारांवर लागतं. एक तार अर्थला गेली की माइक नीट चालत नाही किंवा बंदच राहतो. जुना रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) वापरत असाल तर अशा केबलवर फँटम कधीही देऊ नका, रिबन ताणली जाऊ शकते.

हे सगळं घरी तपासता येतं. मल्टिमीटर बीपवर ठेवा. दोन्ही टोकांच्या १-१, २-२, ३-३ वर बीप यायला हवा. १-२, १-३, २-३ वर मुळीच येता कामा नये. तपासताना केबल टोकापासून एक वीतभर अंतरावर वाकवून हलवत राहा. बीप तुटला तर केबल परत करा.

शील्ड पाहण्यासाठी मेल कॅननमध्ये २ आणि ३ या पिनांच्या मधे १५० ओहमचा रेझिस्टर डाग देऊन बसवा. हा झाला खोटा माइक. तो केबलच्या फिमेल टोकात लावा, फँटम बंद ठेवा, गेन नेहमीच्या कामाइतका करा आणि हेडफोन लावून केबल लॅपटॉपच्या अॅडॉप्टरजवळ न्या. ती वीतभर अंतरावर आल्यावर फक्त प्रीअँपची बारीक सळसळ ऐकू आली तर केबल पास. ‘घूं’ वाढत गेलं तर ती केबल माइकसाठी नको, लाइन सिग्नलसाठी (माइकहून बऱ्याच जोरकस सिग्नलसाठी) ठेवा.

आमचा सल्ला असा : तार मध्यम किमतीची आणि कनेक्टर चांगल्या नावाचे घ्या. न्यूट्रिक, त्याच कंपनीचा स्वस्त भाऊ रीअन किंवा अँफेनॉल, यांतला कोणताही चालेल. दोन माइकना तीन केबल घ्या. तिसरी केबल हाताशी असणं, ही घरगुती स्टुडिओतली सर्वांत फायद्याची खरेदी.

प्रश्न : गिटारला ३ मीटरची केबल होती. ६ मीटरची घेतल्यापासून आवाज मळकट वाटतो. केबल वाईट आहे की माझा भास? – एक वाचक, कोल्हापूर

भास नाही. गिटारचं गणित माइकहून वेगळं आहे, कारण पिकअपमध्ये (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागात) हजारो वेढ्यांची गुंडाळी असते आणि तिचं इंडक्टन्स हेन्रीत मोजावं लागतं. सिंगल कॉइलचं (एकाच गुंडाळीच्या पिकअपचं) २.५ हेन्री, पिकअपची स्वतःची कपॅसिटन्स १०० आणि केबलची मीटरला १३० पिकोफॅरड धरा. ३ मीटरला पिकअपचा उठाव, म्हणजे आवाज सर्वांत उठून येतो ती जागा, ४.५ किलोहर्ट्‌झच्या आसपास बसतो. ६ मीटरला तो साडेतीनच्या खाली येतो. ‘मळकट’ म्हणजे हाच सरकलेला उठाव. इथे केबलची लांबी आणि जात खरोखर कानाला कळते, आणि इथे थोडे पैसे जास्त घालणं पटतं.

पर्याय दोन. लांब हवीच असेल तर खोक्यावर मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या खालचा आकडा असलेली घ्या. नाहीतर ३ मीटरची जुनी केबल डीआय बॉक्समध्ये (गिटारचा सिग्नल बॅलन्स्ड करून देणाऱ्या डब्यात) लावा आणि पुढे कितीही लांब कॅनन केबल वापरा. टोनचा नॉब शून्यावर ठेवून वाजवत असाल तर यातलं काहीच करायची गरज नाही.

आणखी एक. हातात धरून केबल टिचकीने वाजवा. गिटारच्या हलक्या केबलमध्ये स्पीकरमधून ‘ठक’ येतो. चांगल्या केबलमध्ये आतल्या तारेच्या आवरणावर विद्युतवाहक प्लास्टिकचा काळा थर असतो, त्याने हा ठोका दबतो. सोलताना हा थर कापून टाका, नाहीतर तो आतल्या तारेला टेकून तिला शील्डशी जोडेल आणि आवाज मरेल. डाग देणारे इथे हमखास चुकतात.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की केबलमधून खरखर सुरू होते. दर वर्षी नव्या घ्यायच्या का? – एक वाचक, रत्नागिरी

नव्या घेऊ नका. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत पिनांवर थर चढतो आणि हलक्या मुलाम्याच्या पिनांवर तो लवकर चढतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पिना पुसा, फिमेलच्या नळ्यांत कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारा आणि दहा-बारा वेळा लावून काढा. काचपेपर लावू नका. मुलामा गेला की थर आणखी वेगाने चढेल. केबल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, जमिनीवर नको.

खरखर फक्त फँटम चालू असताना येत असेल तर आधी शील्ड पाहा. फँटमचा परतीचा रस्ता शील्डमधूनच असतो, म्हणून तिथली तूट कंडेन्सरवर लगेच ऐकू येते आणि डायनॅमिकवर लपून राहते. उलट, डायनॅमिक माइकचा आवाज पातळ, खर्जाशिवाय येत असेल तर २ किंवा ३ नंबरची तार सुटली आहे. फॉइलच्या शील्डची केबल भिंतीत कायमची बसवायला उत्तम. रोज गुंडाळायला मात्र नाही, कारण फॉइल घडीवर चिरते. गुंडाळायचं म्हणाल तर कोपर आणि अंगठ्यात पिळे घालायची सवय मोडा. एक वेढा सरळ, एक उलटा, अशी गुंडाळा.

प्रश्न : तार आणि कॅनन सुटे आणून केबल घरी करायची आहे. काय लागेल? – एक वाचक, पुणे

पुण्यात हा माल पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. ‘टू-कोअर शील्डेड, ६ मिमी’ असं मागा आणि दुकानातच टोक सोलून पाहा. जाळी दाट हवी. तार पात्याने खरवडा. आतून पांढरट निघाली तर ते अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलं आहे. ती डागाला त्रास देते आणि वाकवून वाकवून मोडते. अशी तार घेऊ नका, भाव कितीही पडता असो.

लागेल ते : २५ ते ४० वॅटची सोल्डरिंग आयर्न, ६३/३७ (कथील/शिसं) सोल्डर ०.८ मिमी, तार सोलायची पक्कड, मल्टिमीटर.

सगळ्यात आधी कनेक्टरचं मागचं टोपण आणि पकड तारेत ओवून घ्या. हे विसरलं की झालेला डाग काढावा लागतो, आणि हे जवळजवळ प्रत्येकाकडून पहिल्या केबलला होतं. बाहेरचं आवरण २० मिमी सोला, जाळीला पातं लागू देऊ नका. जाळी पिळून एक तार करा, आतल्या दोन्ही तारा ३ मिमी सोला, तिन्ही टोकांवर सोल्डरचा पातळ थर चढवा. पिनांच्या वाट्यांतही थेंबभर सोल्डर भरून ठेवा. आता तार वाटीत धरून दोन-तीन सेकंद आयर्न टेकवा आणि थेंब गोठेपर्यंत हात हलवू नका. हलला तर डाग करडा, खडबडीत दिसतो. तो पुन्हा वितळवा. जास्त वेळ टेकवलंत तर पिना धरणारं प्लास्टिक मऊ होऊन पिना वाकड्या होतात.

शील्ड १ ला, एक रंग २ ला, दुसरा ३ ला. मेल आणि फिमेल आरशासारखे उलटे असतात, म्हणून जागा लक्षात ठेवून डाग देऊ नका, पिनेशेजारी कोरलेला आकडा वाचा. बाहेरच्या धातूच्या कवचाचा चौथा टॅब मोकळा सोडा. तो १ ला जोडला आणि कनेक्टर रॅकला टेकला की भलतीकडूनच अर्थ मिळतो आणि ‘घूं’ सुरू होतं.

प्रश्न : इंटरफेसपासून मॉनिटर स्पीकरपर्यंत नव्या केबल टाकल्या, तरी ५० हर्ट्‌झचं घोंघावणं आहे. आणि महागडी यूएसबी केबल घेऊ का? – एक वाचक, डोंबिवली

केबलच्या टोकाचा पी-३८ (पाव इंची) जॅक पाहा. त्यावर एकच काळी रेघ असेल तर तो मोनो आहे. बॅलन्स्ड आउटपुटला दोन रेघांचा स्टिरिओ पी-३८ लागतो. दुकानदार न विचारता मोनो देतो, त्यामुळे ही चूक फार दिसते. जॅक बरोबर असेल तर इंटरफेस, लॅपटॉप आणि दोन्ही स्पीकर एकाच पॉवर स्ट्रिपवर आणा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज थांबला तर दोष अर्थच्या वळशाचा, म्हणजे दोन वाटांनी अर्थ मिळून बनलेल्या फेऱ्याचा, आहे. प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे. स्पीकरकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वाटेत ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

यूएसबी केबल महाग घेऊ नका. तिच्यातून आकडे जातात; ते पोचतात किंवा ‘टक’ आवाज येऊन सुटतात, मधला मंजुळपणा त्यात नसतो. यूएसबी २.० ची मर्यादा ५ मीटर. स्टुडिओत २ मीटरच्या आत राहा आणि दोन्ही टोकं घट्ट बसतात एवढं पाहा.