खांदा लिंबू-चमच्याचा, खुबा उखळीचा

या वेळच्या पत्रांत मैदानं जास्त आणि जिने कमी आहेत, म्हणून बरं वाटलं. एरवी माझ्याकडे येणारे प्रश्न 'जिना चढताना गुडघा दुखतो' इथं सुरू होतात आणि बहुधा तिथंच संपतात.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, कबड्डीत चढाई करतो. बोनस घेऊन मध्यरेषेकडे वळताना गुडघ्यात 'कट्' आवाज झाला. कोणी हातही लावला नव्हता. दोन तासांत गुडघा टम्म सुजला. आता चालता येतं, पण वळलं की गुडघा सरकतो. मित्र म्हणतात लिगामेंट गेलं. धक्का न लागता ते कसं तुटेल? (सांगली)

तुटायला धक्का लागतोच असं नाही. खेळाडू ज्याला एसीएल म्हणतात त्या अस्थिबंधाच्या, म्हणजे लिगामेंटच्या, बहुतेक दुखापती वळताना, एकदम थांबताना किंवा उडीवरून उतरताना होतात. समोरचा अंगाला भिडलेलाही नसतो.

गुडघ्याला आपण बिजागरी म्हणतो, पण दाराच्या बिजागरीइतका तो सरळमार्गी नाही. मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. पाटावर दोन नारळ ठेवावेत तशी. मध्ये कूर्चेच्या चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात, त्यांनी थोडा खळगा तयार होतो, एवढंच. हाडानं हाडाला धरावं अशी तिथं सोयच नाही. धरतात ते अस्थिबंध आणि स्नायू.

आता उभा राहा आणि गुडघा हळूहळू पूर्ण सरळ कर. शेवटच्या २०-३० अंशांत मांडीचं हाड नडगीवर किंचित आत फिरतं आणि कुलूप लागल्यासारखा सांधा घट्ट होतो. या कुलपाच्या जोरावर आपण मांडीचे स्नायू फारसे न वापरता रांगेत तासभर उभे राहतो. उभं राहायला ते उत्तम, वळायला वाईट. तू वळलास तेव्हा गुडघा जवळजवळ सरळ असणार, बूट मॅटला चिकटलेला आणि धड फिरलेलं. मातीवर पाय थोडा घसरला असता आणि पीळ मातीत जिरला असता. मॅटवर तो गुडघ्यात जिरला, असं मला वाटतं.

दोन तासांत आलेली सूज म्हणजे बहुधा सांध्यात साठलेलं रक्त. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव, ते एमआरआय सांगतील. तोवर 'एकच सामना' म्हणून उतरू नकोस, कारण गुडघा सरकेल तेव्हा त्या चंद्रकोरी गाद्या भरडल्या जातील. हाड बसवणाऱ्याकडे तर मुळीच नको. इथं बसवायला हाड सरकलेलंच नाही.

पुढे खेळशील तेव्हा गुडघा वाकवून, दोन-तीन छोट्या पावलांत वळायला शिक. एसीएल नडगीला पुढे सरकू देत नाही, आणि मांडीमागचे स्नायू तिला मागे खेचून धरतात, म्हणजे ते एसीएलचे जोडीदार. रोज शेकड्यांनी बैठका मारणारी आणि या स्नायूंकडे ढुंकूनही न बघणारी मुलं मला नेहमी भेटतात.

प्रश्न : शाळेत क्रिकेट शिकवतो. सीमारेषेवरून थ्रो करणाऱ्या मुलांचे खांदे दुखतात. डंबेल्स वाढवावेत का? (बारामती)

सर, डंबेल्सआधी मुलांचे पाय बघा.

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल उखळीत बसलेला असतो. तो सहसा निखळत नाही, पण फिरतोही बेताचाच. खांदाही गोळा आणि खोबण असाच, फक्त खोबण इतकी उथळ की लिंबू-चमच्याची शर्यत आठवावी. म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत खांदा सर्वांत जास्त निखळतो. लिंबू चमच्यावर ठेवायचं काम चार लहान स्नायूंचं, ज्यांना रोटेटर कफ म्हणतात.

या शर्यतीत चमचाही हलतो, ही गंमत. हात कानाशी नेला की साधारण १८० अंश होतात. त्यातले सुमारे १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० पाठीवरचं खांद्याचं पातं फिरल्यामुळे. हे पातं बरगड्यांना कुठल्याही सांध्यानं जोडलेलं नाही, ते स्नायूंवर तरंगतं. अख्ख्या हाताची धडाशी हाडांनी झालेली जोडणी एकच, गळ्यापाशी, जिथं कॉलरबोन छातीच्या हाडाला मिळतं. पाठीचे स्नायू दमले की पातं मागे पडतं, हात एकटाच पुढे जातो आणि स्नायू हाडाला जोडणारे स्नायुबंध घासायला लागतात.

फेकताना दंडाचं हाड स्वतःभोवती भयंकर वेगानं फिरतं. बेसबॉलच्या पिचरमध्ये हा वेग सेकंदाला ७,००० अंशांच्या घरात मोजला गेला आहे. चेंडू सुटल्यावर त्या हाताला ब्रेक लावायचा तो त्याच लहान स्नायूंनी. त्यामुळे जोर पायातून, कमरेतून, धडातून यायला हवा. चेंडू उचलून जागेवरूनच फेकणारा मुलगा सगळा हिशोब खांद्याकडून वसूल करतो. आधी आडवं उभं राहून पाऊल टाकायला शिकवा, थ्रोंची संख्या मोजा, आणि दोरीवर चढणं, जोर काढणं यांसारखे पात्याला कामाला लावणारे व्यायाम द्या. दुखणाऱ्या मुलाला मात्र आधी विश्रांती.

प्रश्न : आमच्या क्लबच्या ऑफस्पिनरचा हात वाकडा दिसतो. 'फेकतो' असं सगळे म्हणतात. हाताची ठेवणच तशी असेल तर? (म्हापसा)

असू शकते. कोपर वाकलेलं असणं हा गुन्हाच नाही. हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती सरळ होतं, ते मोजतात. आयसीसीनं २००५पासून १५ अंशांपर्यंत मुभा दिली आहे. श्रीलंकेचा ऑफस्पिनर मुरलीधरन याचं कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नव्हतं.

डोळा कसा फसतो, ते घरीच बघा. दिव्यासमोर कोपर थोडं वाकवून धरा आणि कोन न बदलता अख्खा हात खांद्यातून फिरवा. भिंतीवरची सावली वाकडीची सरळ होईल. पंचांना लांबून बरंचसं असंच काहीतरी दिसतं. खात्री मात्र प्रयोगशाळेतल्या कॅमेऱ्यांनीच होते, तेव्हा पोराला टोमणे मारणं तोवर थांबवा.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची, मल्लखांब करते. 'उंची खुंटेल' म्हणून सासूबाईंचा विरोध आहे. (सातारा)

सासूबाईंना सांगा, मल्लखांबावरची मुलं बुटकी दिसतात कारण आटोपशीर अंगाच्या मुलांना खांबाला पायांची अढी मारून उलटं लटकणं सोपं जातं आणि ती खेळात टिकतात. बास्केटबॉलनं उंची वाढते हा समज याचीच उलटी बाजू.

हाडाला मात्र भार हवाच असतो. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड भरतं. उलट, अंतराळात भार नाही म्हणून अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला १ ते १.५ टक्का झिजतं. भार पडेल तशी हाडाची घडण बदलते, हे यूलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदानं १८९२ सालीच मांडलं होतं.

जपायचं एकाच गोष्टीला. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे थर असतात, तिथून हाड वाढतं. मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ या वयात ते बंद होतात. तोवर हा थर अस्थिबंधापेक्षा कच्चा असतो. मोठ्यांचं जिथं नुसतं मुरगळतं, तिथं मुलांच्या या थरालाच इजा होऊ शकते. मनगट किंवा गुडघ्याखालचा भाग एकाच जागी आठवडाभर दुखत राहिला, तर 'सवय होईल' म्हणू नका, दाखवा. आणि खाली जाड गादी असल्याशिवाय दसरंगासारख्या मल्लखांबावरच्या कसरती नकोत.

प्रश्न : खो-खोत खांबाशी झेप घेऊन उतरताना तोच घोटा दर वेळी आत मुरगळतो. (धाराशिव)

घोट्याच्या मधलं हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. पाऊल वर ओढलेलं असलं की रुंद बाजू पोटरीतल्या दोन हाडांच्या चिमट्यात घट्ट बसते. बोटांवर उतरलात की अरुंद बाजू चिमट्यात येते आणि सांधा सैल पडतो. त्यात बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध आतल्यांपेक्षा दुबळे, म्हणून पाऊल आतच वळतं. एकदा ताणले गेले की तोल सावरण्याची खबर मेंदूला उशिरा पोचते. रोज दात घासताना एका पायावर उभे राहा. जमलं की डोळे मिटून.

प्रश्न : सामन्याआधी बोटं मोडायची सवय आहे. बायको म्हणते संधिवात होईल. (ठाणे)

तो आवाज हाडांचा नसून सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो. म्हणून तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. संधिवात कुठल्याच हाताला झाला नाही, आणि २००९मध्ये त्यांना गमतीदार संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं. एका माणसाचा प्रयोग, पण चिकाटीला दाद द्यावीच लागेल. आपल्या आज्यांनी नातवंडांची दृष्ट काढताना कानशिलांवर जन्मभर बोटं मोडली, त्यांची मात्र नोंद कोणी ठेवली नाही. दुखत नसेल, सूज नसेल तर मोडा खुशाल. फक्त बायकोच्या नावानं नकोत.